आमच्या गिरणीचा काटा खरा हाय

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. बाभळीचा नव्हे, वजनाचा. कर्जतच्या बाजारामागे एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे. तिच्या पडवीत, गळक्या पत्र्याखाली मी उभा आहे. माझी दांडी गंजून एका जागी अडकली आहे आणि फळीच्या फटीतून गवत उगवले आहे. येणारे-जाणारे मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडे. पण मी भंगार होण्याआधी एका माणसाचे वजन केले होते. त्याची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतल्या लाल रसातून माझा खांब ओतला गेला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी दांडी कानशीने घासून घासून तोलाला आणली. मग मालगाडीत बसून मी कर्जतला आलो. स्टेशनापासून गिरणीपर्यंत बैलगाडीने आणले मला. शेठजींनी नारळ फोडला, माझ्या खांबाला हळदकुंकू लावले. तेव्हा देशात शेर आणि मण जाऊन किलो नुकतेच आले होते. मी किलोचा काटा होतो. त्यामुळे गिरणीतली शेरांची जुनी लोखंडी वजने बाद झाली. ती माझ्या मागच्या कोपऱ्यात ढीग करून टाकून दिली होती. फेकवत नव्हती, आणि वापरताही येत नव्हती.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते! दिवाळी सरली की उल्हास नदीच्या दोन्ही काठांवरून भाताच्या गाड्या यायच्या. दहिवलीचे, नेरळचे, भिवपुरीचे, पार शेलूकडचे शेतकरी माझ्यापुढे रांग लावायचे. वर्षातून एकदा सरकारचा माणूस येऊन मला तपासायचा आणि माझ्यावर शिक्का मारायचा. शेतकरी एकमेकांना सांगायचे, "इथंच घाल रं भात. या गिरणीचा काटा खरा हाय." ते ऐकले की मला धन्य वाटायचे.

माझ्यावर वजन करायचा सहदेव. तो गिरणीचा मापाडी होता. आणि पोती वाहणाऱ्यांत सगळ्यांत दांडगा होता चांगो. भिवपुरीकडच्या एका वाडीत त्याचे घर होते. थोडी भातशेती होती. शेतीतून मोकळा झाला की तो गिरणीत हमालीला यायचा. मूलबाळ नव्हते. घरात तो आणि त्याची बायको गोदूबाई, दोघेच.

चांगो भरलेले पोते एकटा पाठीवर घ्यायचा आणि वर गाणे म्हणत चालायचा. दुपारी जेवणे झाली की हमाल गंमत म्हणून माझ्यावर चढायचे. कोण किती भरतो ते बघायचे. चांगो चढला की सगळे ओरडायचे. कारण भाताच्या पोत्याला माझी दांडी जिथे तरंगायची, तिथेच ती चांगोला तरंगायची. सहदेव म्हणायचा, "चांगो, तुला पोत्यावानी टोचा मारून बघायला पायजे. आत भातच भरलंय का काय!" मग चांगो पोट हलवून हसायचा, कमरेची चंची सोडायचा, तंबाखूला चुना लावून चांगली मळायचा आणि गोळी डाव्या गालात सारायचा. ती गोळी दिवसभर तिथेच असायची. रात्री झोपतानासुद्धा तो ती काढत नाही, असे गोदूबाई सांगायची.

एका हंगामात चांगोने दुपारच्या भाकरीबरोबरची चटणी बाजूला सारली. "तिखट झोंबतंय," म्हणाला. डाव्या गालात आतून फोड आला होता. सहदेव म्हणाला, "दाखव की कुणाला." चांगो म्हणाला, "दाढ घासती हाय. जाईल आपसूक." फोड गेला नाही. त्याची जखम झाली. ती दुखत नव्हती, म्हणून त्याला तिची काळजी वाटली नाही. तंबाखूची गोळी तेवढी त्याने डाव्या गालातून उजव्या गालात नेली.

होळीच्या सुमाराला त्याच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. तोंड नीट उघडेना. भाकरी कालवणात भिजवून चिवडून दिली तरी घास पुढे सरकेना. तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून त्याच्या तोंडात पाहिले.  मग त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवले.

तिथून तो बऱ्याच दिवसांनी परत आला. गालावरची कातडी करपल्यासारखी काळी पडली होती. तोंडावर लाइट दिले होते, असे त्याने सांगितले. लाइट म्हणजे औषधी किरण, मित्रांनो. ते रोगाला जाळतात, पण तोंडही आतून सोलवटून काढतात. आता काही आठवडे घरी राहायचे आणि मग ऑपरेशन, असे ठरले होते.

गोदूबाईने गिरणीत येऊन सहदेवला सगळे समजावून सांगितले. "मोठ्या डॉक्टरनी मला येकच गोष्ट बजावलीय, भावजी. म्हनले, बाई, यांचं वजन सांभाळ. अंगात मांस असंल तर मानूस आपरेशन सोसतो. वजन उतराय लागलं तर तारखेची वाट बघू नको, हाये तसा घेऊन ये. नाकातनं नळी घालू नि पोटात दूध सोडू. आता आमच्या वाडीत वजन कुठं करायचं? म्हनून तुमच्याकडं आले."

"अगं, मग हा काटा कुनाचा हाय? दर बाजाराला आन त्याला," सहदेव म्हणाला.

पहिल्या दिवशी चांगो माझ्या फळीवर उभा राहिला तेव्हा मी ओळखलेच नाही त्याला. मला माणसे पायांच्या भारावरून ओळखू येतात. हा भार चांगोचा नव्हता. सहदेव दांडीवरचा वजनाचा सरकता गोळा मागे सारत गेला, सारत गेला. हमाल हातातली पोती तशीच धरून बघत उभे राहिले. कोणी हसले नाही. शेवटी दांडी तरंगली तेव्हा सहदेवने आकडा हळू आवाजात सांगितला.

"काय हरकत नाय," गोदूबाई म्हणाली. "आता इथनं वर चढवायचं."

तिने काय नाही केले! कण्यांची पेज केली, नाचणीची आंबील केली. चिंबोऱ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, कालवण फडक्यातून गाळून फक्त पाणी दिले. शेजारणीकडून शेळीचे दूध आणून त्यात अंडे फेटले. चांगो वाटी तोंडाला लावायचा. घोट गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचे. तो म्हणायचा, "गोदू, निखारा गिळल्यावानी वाटतं गं. नि चव बघशील तर मातीची." दोन घोट घेऊन तो वाटी खाली ठेवायचा. दुसऱ्या बाजाराला आकडा आणखी खाली आला. तिसऱ्याला आणखी.

त्या तिसऱ्या बाजाराला चांगो फळीवरून उतरला आणि सहदेवला म्हणाला, "आता हिला चढव."

"मला कशाला?" गोदूबाई मागे सरकली.

"चढ म्हनतो ना!"

ती चढली. मित्रांनो, ती माझ्यावर उभी राहिली आणि मला एखादी रिकामी टोपली ठेवल्यासारखे वाटले. चांगो सहदेवला म्हणाला, "बघ. भात सोडलाय हिनं. माझं अंग भरंपर्यंत शिवनार नाय म्हनती. माझ्या पेजेवरचं पानी पिऊन राहती."

"तुमच्या घशाखाली उतरत नाय," गोदूबाई म्हणाली, "तर माझ्या कसं उतरंल? ज्या दिवशी तुमचं वजन वर जाईल, त्या दिवशी मी जेवीन. देवापुढं बोललेय मी."

 जाताना चांगो कोपऱ्यातल्या त्या जुन्या वजनांकडे बघत बघत गेला.

पुढच्या बाजाराला दोघे लवकर आली. चांगोने गोदूबाईला बाजारात केळी आणायला धाडले. हमाल गाडी उतरवत होते आणि सहदेव शेठजींकडे गेला होता. पडवीत चांगो आणि मी, दोघेच होतो. तो माझ्यामागे बसला. ढिगातले शेराचे एक वजन उचलले, मग दोन शेरांचे. पंच्यात गुंडाळून त्याने ती पोटाशी आवळून बांधली आणि वरून सदरा सोडला. उठताना त्याला माझ्या खांबाचा आधार घ्यावा लागला. एके काळी भरले पोते उचलणाऱ्या माणसाला तीन शेर लोखंड जड झाले होते.

मग गोदूबाई आली. सहदेव आला. चांगो फळीवर चढला.

माझी दांडी उचलली. मी दुसरे काय करणार? काटा तोलतो तो भार. त्यातले हाडामांसाचे किती आणि लोखंडाचे किती, हे सांगायला मला तोंड नाही. सहदेवने गोळा पुढे सारला, पुन्हा बघितले आणि तो ओरडला, "वैनी, वर गेलं! वजन वर गेलं!"

गोदूबाईने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. मग हसू लागली. हमालांनी तिला तिथेच पोत्यावर बसवले. कोणी आपला भात दिला, कोणी सुकटीचे कालवण वाढले. किती दिवसांनी ती जेवत होती! चांगो माझ्या खांबाला टेकून तिच्याकडे बघत होता. त्याचे तोंड नीट मिटत नव्हते, त्यातून लाळ गळत होती, ती तो पुशीत होता. पण इतका समाधानी चेहरा मी त्यानंतर कोणाचा बघितला नाही.

त्यानंतर दर बाजाराला लोखंड वाढत गेले. चांगो घटायचा तेवढे ते वाढवावे लागायचे, आणि वर थोडे जास्त. सहदेवला शंका यायची. तो म्हणायचा, "गळ्याची हाडं तर दिसाय लागलीत." गोदूबाई चिडायची. "नजर लावू नका, भावजी! काटा काय खोटं सांगतो का?" ती आता रोज जेवत होती. तिच्या गालांवर पुन्हा रंग आला होता. नळीचा विषयही तिने मनातून काढून टाकला होता. वजन वर जात असताना नळी कशाला?

एकदा फळीवरून उतरताना चांगोचा तोल गेला. पंचा सुटला आणि पाच शेरांचे वजन खणकन जमिनीवर पडले. गोदूबाई तेव्हा बाहेर गाडीवानाशी बोलत होती. सहदेवने ते वजन बघितले. चांगोकडे बघितले.

"हे काय रं, चांगो?"

"हळू बोल."

"अरं येड्या, डाक्टर काय म्हनला व्हता? वजन उतरलं तर लगीच घेऊन या. जीव जाईल तुझा!"

"त्यो नळी घालंल," चांगो म्हणाला. जीभ जड झाल्यामुळे त्याचे बोलणे आता अर्धेच कळायचे. "वार्डात माझ्या बाजूच्या खाटंवर येक जन व्हता. नाकात नळी. तिसऱ्या दिवशी त्याला चादर घालून नेला. नळी म्हंजे शेवट, सहदेव. मला ठाव हाय."

"नळीनं मेला का त्यो? उशिरा घातली म्हनून मेला आसंल!"

"आसंल. पन मी आज खरं वजन दाखवलं तर ती आजपासून पुन्हा उपाशी. मी तर जानारच. तिला का संगं नेऊ? जेवू दे रं तिला. तुझ्या पाया पडतो, जेवू दे."

आणि तो सहदेवच्या पायांकडे खरोखरच वाकला. सहदेवने त्याला वरच्या वर धरले. मग गोदूबाई आत यायच्या आधी त्यानेच ते वजन पायाने ढिगाकडे सारले. त्याने हे गोदूबाईला सांगितले नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

ऑपरेशनची तारीख आली. गोदूबाईने नवी चोळी घातली होती. सोबतीला सहदेव गेला. मुंबईत काय घडले, ते सहदेवने परत आल्यावर हमालांना याच पडवीत सांगितले. म्हणून मला ठाऊक आहे.

इस्पितळात चांगोचे कपडे काढून त्याला पांढरा डगला घालायला दिला. मग तिथल्या काट्यावर उभे केले. नर्सने आकडा सांगितला आणि मोठे डॉक्टर संतापले. "हे काय? घरी पाठवला तेव्हा काय होता हा माणूस! इतके दिवस काय करत होता तुम्ही? मी सांगितलं होतं ना, वजन उतरलं की घेऊन या?"

गोदूबाई पुढे झाली. तिला मोठ्या माणसांपुढे बोलायची सवय नव्हती. तरी ती ठामपणे म्हणाली, "नाय साहेब. तुमचा काटा चुकतोय. दर बाजाराला वजन वाढलंय त्यांचं. आमच्या गिरणीचा काटा खरा हाय. सरकारचा शिक्का हाय त्याच्यावर."

डॉक्टरांनी चांगोचा डगला बाजूला केला. बरगड्या दिसत होत्या. पोट पाठीला लागले होते. गोदूबाईने ते अंग रोज बघितले होते. पण माझा आकडा ऐकून तिने डोळ्यांना खोटे ठरवले होते. आता ती चांगोकडे बघू लागली. चांगोने मान फिरवली. सहदेवही जमिनीकडे बघत राहिला.

"हे शरीर सुरी सोसणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा राग ओसरला होता, त्यांचा आवाज थकलेला होता. "महिनाभर आधी आणला असता तर नळीनं दूध घालून अंग धरवलं असतं. मग बघता आलं असतं. आता नळी घालतो. पण उशीर झालाय, बाई."

नळी घातली. दूध पोटात गेले. पण विझत आलेल्या चुलीत ओले लाकूड घालावे तसे झाले. ते दूध अंगी लागले नाही. चांगोने वार्डात एकदाच बोलायचा प्रयत्न केला. गोदूबाईचा हात धरून तो काहीतरी सांगत होता. जीभ हलत नव्हती. काय म्हणतोय ते तिला शेवटपर्यंत कळले नाही.

पेरणीच्या तोंडावर चांगो गेला. त्याला घरी आणले तेव्हा पोते नेतात तसे एकट्या सहदेवने त्याला गाडीतून उचलून घरात नेले, असे हमाल सांगत होते. दुसऱ्या कोणाची गरजच पडली नाही.

दिवसकार्य झाल्यावर गोदूबाई गिरणीत आली. दुपारची वेळ होती. हमाल जेवत होते, त्यांचे हात थांबले. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने मागच्या ढिगातल्या जुन्या वजनांकडे बोट केले. मग तिने सहदेवला विचारले, "तुमाला ठाव व्हतं?"

सहदेवने होकारार्थी मान हलवली.

मला वाटले, ती ओरडेल. ते लोखंड उचलून माझ्यावर मारील. तिने तसे काही केले नाही. ती फळीच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "मी जेवले, भावजी. त्यो उपाशी उभा व्हता आनि मी त्याच्या म्होरं पोटभर भात खाल्ला. वर अजून वाढा म्हनले."

सहदेव म्हणाला, "वैनी, त्याला तेच पायजे व्हतं."

"मला इचारलं का त्यानं, मला काय पायजे व्हतं?"

 ती उठली आणि निघून गेली. ती पुन्हा या गिरणीत आली नाही. तिचे भात दुसऱ्या गिरणीत जायचे. सहदेवनेही पुढच्या हंगामाआधी मापाड्याचे काम सोडले. तो शिळफाट्याला एका वखारीत लागला, असे ऐकले. माझ्यावर नवा मापाडी आला, पोती येत राहिली, सरकारचा शिक्काही दर वर्षी पडत राहिला. पण "काटा खरा हाय" असे कोणी म्हटले की मला आता धन्य वाटत नसे. पुढे गिरणीचा पट्टा तुटला, शेठजी वारले, मुलांनी कुलूप घातले. मी पडवीत तसाच राहिलो.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तरी सांगतो. घरात कोणाच्या तोंडात जखम झाली आणि ती बरी होत नसेल, तर ती दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. आजारी माणसाचे अंग उतरू लागले तर त्याला अंग धरायला मदत लागते, आणि ती वेळेवर लागते. नळी म्हणजे शेवट नव्हे. आणि एकमेकांवर कितीही माया असली, तरी एकमेकांना खरे सांगा. चांगो आणि गोदूबाईची माया काही कमी नव्हती. पण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी एकटाच सोसत राहिला, आणि त्यात वेळ निघून गेली.

हे सांगून चांगो काही परत येणार नाही. जगही बदललेले मला दिसत नाही. गिरणीच्या फाटकाबाहेर आता पानाची टपरी झाली आहे. तिथे रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात. रोज दुपारी एक टेंपोवाला सावलीला म्हणून माझ्या फळीवर येऊन बसतो. विशीतला असेल. अंगाने चांगला भरलेला आहे. तो दाताने पुडी फाडतो, तोंड वर करून ती रिकामी करतो आणि सगळे डाव्या गालात सारतो. मग माझ्या खांबावर थुंकतो. गेले काही दिवस तो आपल्या बरोबरच्यांना सांगतो आहे, की वडापावबरोबरची चटणी झोंबते.

माझी दांडी अडकली आहे. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते. त्याला सांगा.